त्याआधीचा रकाना

बाळारामभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. फोन त्यांच्याच नंबरवरून आला होता, पाच महिन्यांनी. नाव दिसलं आणि, खरं सांगायचं तर, माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘आली का आठवण शेवटी’ असा. मी मुद्दाम चार रिंग होऊ दिल्या. मग उचलला, तर पलीकडे त्यांच्या पत्नी, चांगुणावहिनी. “बाई, हे गेले. परवा,” एवढंच म्हणाल्या. मागे कुणीतरी भांडी घासत होतं. कशानं, असं मी विचारलं. “पाठीत होतं ना त्यांच्या. तुमाला ठावं असेल,” त्या म्हणाल्या. मला ठाऊक नव्हतं. मी ‘हो’ म्हणाले.

याला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत हा लेख मी चारदा सुरू करून सोडून दिला. बाळारामभाऊंविषयी चांगलं लिहिणं अवघड नाही. अवघड आहे ते हे, की जानेवारीत ते माझ्याच घरात माझ्यावर ओरडून निघून गेले होते, आणि तो अपमान मी त्यांच्या मृत्यूपर्यंत धरून बसले होते. ते का ओरडले, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. विचारायचं कसं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. वर्षानुवर्षं, माझ्या दारात जमिनीवर बसून.

ते मूळचे बेलपाड्याचे. आजूबाजूला खारघरचे टॉवर उभे राहिले तरी त्यांचं कौलारू घर तिथेच होतं. घराण्याचा धंदा खाडीतल्या मासळीचा, पण हे गुरांच्या एका सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी जनावरं धरली. डॉक्टर सुई टोचणार, हे धरणार. निवृत्त झाल्यावर लोक त्यांना घरी बोलावू लागले, कारण टॉवरमध्ये आता गुरं नव्हती, कुत्री होती. आणि ती कुत्री सोफे फाडत, गाद्यांवर मुतत, पाहुण्यांना चावत होती.

माझ्याकडे ते आले ते चिकूमुळे. मुलगा, ओंकार, नववीत असताना त्यानं हे पिल्लू रस्त्यावरून उचलून आणलं. रंग अगदी चिकूच्या सालीचा, म्हणून चिकू. पुढे ओंकार शिकायला पुण्याला गेला आणि विचुंब्याच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी सकाळी नऊला निघायची, साडेपाचला यायची. महिन्याभरात चिकूनं दाराची खालची कड कुरतडली, उशा फोडल्या, वर्तमानपत्रांच्या रद्दीचा भुगा केला. खालच्या मजल्यावरचे लोक सांगायचे की तो दिवसभर रडतो. मी घरी येऊन तो पसारा पाहिला की वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारायची. जोरात नाही, पण रोज. तो टेबलाखाली जायचा, कान पाडून, नजर चुकवून. ते पाहून मला आणखी राग यायचा, कारण आपण काय केलं हे त्याला पक्कं कळतं आहे असं मला वाटायचं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी महिन्याची मुदत दिली. “मॅडम, माणसं चांगली आहात म्हणून सांगतोय. कुत्रा तरी ठेवा नाहीतर शेजारी तरी ठेवा.” मी ओंकारला न सांगता कर्जतच्या एका शेतावर चौकशीही करून ठेवली होती.

बाळारामभाऊ आले ते काखेत गोणपाटाची घडी घेऊन. मी खुर्ची पुढे केली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दाराशी, चपलांच्या स्टँडला लागून गोणपाट पसरलं, चिकूकडे अर्धी पाठ करून बसले आणि गप्प राहिले. मी चहा विचारला. “त्याचा चहा झाल्याबिगर माजा नाय,” ते म्हणाले. मला काहीच कळलं नाही. वीस मिनिटं गेली. चिकू भुंकून दमला, मग लांबून वास घेत घेत आला आणि त्यांच्या मांडीला नाक लावून उभा राहिला. “हां, आता ठेवा,” भाऊ म्हणाले. मी आधण ठेवलं तोवर त्यांनी बोलत बोलत त्याचे दोन्ही कान उलटे करून पाहिले, हिरड्या पाहिल्या, पंजे एकेक दाबले, पोटावरून हात फिरवला. दुखत काही नव्हतं. मग त्यांनी मला प्रश्न विचारले, आणि ते चिकूबद्दल नव्हतेच. सकाळी उठल्यावर मी आधी काय करते, मग काय. गॅलरीचं दार केव्हा लावते. पर्स आधी घेते की किल्ली. निघताना त्याच्याशी बोलते का. “खूप बोलते,” मी म्हणाले, “वाईट वाटतं हो, त्याला समजावते.” ते मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखं घराबाहेर पडायला लावलं आणि दोघं जण आमच्याच जिन्यात, अर्धा मजला खाली, पायरीवर जाऊन बसलो. वर जाणाऱ्या शेजारीण देशपांडेबाई थबकल्या. “किल्ली हरवली का?” “नाही, कुत्रा ऐकतोय,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही हसू येतं. भाऊंनी हातातलं घड्याळ समोर धरलं होतं. आधी शांतता. मग फरशीवर नखांचा आवाज, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग बारीक कुंई... आणि मग दारावर ओरखडे. ते मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्या वेळी मी नेहमी रिक्षात बसलेली असायची. “चार मिन्टं,” भाऊ म्हणाले. “राग नाय हा बाई. हा घाबरलाय. पोर गेला तो आला नाय. आता तुमी रोज तेच कपडं घालून, तीच पर्स घेऊन, रडवेलं तोंड करून जाता. त्याला काय म्हाईत, तुमी साडेपाचला येनार हाय?”

तरी मी हट्टानं म्हणाले, की आपण चूक केली हे त्याला कळतं, नाहीतर तो टेबलाखाली का लपतो? भाऊ उठले. आम्ही घरात गेलो. त्यांनी चिकूला बेडरूममध्ये कोंडलं आणि हॉलच्या मध्यावर माझं त्या दिवशीचं वर्तमानपत्र, अजून न वाचलेलं, स्वतः टराटरा फाडलं. भुगा पसरला. मला बाहेर पाठवलं, चिकूला सोडलं आणि हाक मारली, “आता या घरात, कामावरून आल्यासारख्या.” मी दार उघडलं. चिकूनं जमिनीवरच्या कागदांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कान पाडून टेबलाखाली गेला. ज्यानं कागदाला तोंडही लावलं नव्हतं, तो.

मी दारातच खाली बसले. भाऊ म्हणाले, “कागद आनि बाई एका टायमाला दिसली की मार बसतो, एवढंच तो शिकला. तुमीच शिकवलं.” त्यात टोमणा नव्हता. जनावराच्या जखमेत अळ्या झाल्यात हे डॉक्टरांना सांगावं, तसं ते सांगत होते.

पुढचे तीनेक आठवडे मी रजा टाकून जे केलं ते कुणाला सांगायलाही विचित्र वाटेल. किल्ली घ्यायची आणि सोफ्यावर बसून राहायचं. पर्स खांद्याला लावायची आणि भाजी चिरायची. दोन मिनिटं बाहेर जायचं, यायचं, त्याच्याशी न बोलता पंखा लावायचा. मग पाच मिनिटं, मग पंधरा. ओंकारचा एक न धुतलेला शर्ट त्याच्या अंथरुणात ठेवला. सोसायटीच्या मुदतीला तीन दिवस उरले असताना देशपांडेबाई जिन्यात म्हणाल्या, “अहो, कुत्रा दिला वाटतं? आवाज नाही.” मी वर आले आणि पहिल्यांदा भाऊंना आनंदानं फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं. आता मार तेवढा थांबवा.” मी केव्हाच थांबवला होता, पण ते त्यांना पुन्हा एकदा ऐकायचं असावं.

त्यानंतर ते येतच राहिले, बहुतेक रविवारी दुपारी. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं आणि लिहायची सवय नव्हती. माझं तर अख्खं आयुष्य नोंदी करण्यात गेलेलं. एक लांबट वही आणली आणि तिच्यात रकाने आखले. कुत्रा, घर, काय केलं. भाऊंनी वही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “यात मेन रकाना ऱ्हायला.” मग त्यांच्या सांगण्यावरून मी ‘काय केलं’च्या शेजारी आणखी दोन आखले. एक ‘त्याआधी’, आणि शेवटचा ‘मग काय केलं’. ‘त्याआधी’चा रकाना सगळ्यात रुंद ठेवायला लावला. पहिली नोंद चिकूची. मी लिहीत गेले आणि मारण्याचा भाग गाळला. त्यांनी वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाले, “मारलं ते कुठंय? मारलं ते लिवा बाई. आपून काय केलं ते लपवलं तर वहीचा काय उपेग?” मी लिहिलं. ते वाक्य आजही त्या पानावर इतरांपेक्षा बारीक अक्षरात आहे.

त्या वहीत पुष्कळ घरं आहेत. खारघरला सोळाव्या मजल्यावर एक पामेरियन कुत्री होती, ती फक्त सुनेच्याच अंथरुणात मुतायची. सासूबाईंनी भाऊंना दारातच निकाल सांगून टाकला, “मुक्या जनावराला कळतं हो, कोण कसं आहे ते.” सून आतून म्हणाली, “मुक्या जनावराचं सोडा, बोलणाऱ्याचं बोला.” भाऊ तासभर दोघींच्या मध्ये गोणपाटावर बसून राहिले. शेवटी निघालं ते असं, की कुत्रीची जायची जागा मागच्या छोट्या गॅलरीत होती आणि तिथे दोन महिन्यांपूर्वी वॉशिंग मशीन आलं होतं. मशीन फिरायला लागलं की गॅलरी थरथरायची, आणि सुनेची खोली गॅलरीच्या दाराला लागून. कुत्री तिथवर जायची, घाबरायची आणि शेजारच्या त्या खोलीत शिरून अंथरुणातच मोकळी व्हायची. मशीनची जागा बदलली, प्रश्न मिटला. “सासू नाराज झाली पन,” भाऊ सांगायचे आणि आवाज न करता हसायचे, नुसते खांदे हलायचे.

कान आधी का बघता, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीला लागले त्या वर्षी बेलपाड्याच्या घरी त्यांचा काळू नावाचा कुत्रा होता, अंगणात पोरांच्या गळ्यात पडणारा. एके दिवशी तो पुतणीला चावला, चार दिवसांनी शेजाऱ्याला. पिसाळला, असं गाव म्हणालं. भाऊंनी स्वतः त्याला दवाखान्यात नेलं आणि सुई देताना स्वतः धरलं, दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. तो त्यांच्या हातातच गेला. उचलताना डावा कान उलटला, तर आत गवताचं कुसळ रुतून सगळं पिकलेलं. पोरं लाडानं त्याच कानाला धरायची. “येवढंसं कुसळ,” त्यांनी नखावर अंगठा ठेवून दाखवलं. “चिमट्यानं निघालं असतं. मी आठ दिस त्याला शिव्या घातल्या, पन कान नाय बघितला.” वहीत काळूचं पान लिहू का, असं मी विचारलं. “नको,” म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “नको.”

आता गेल्या हिवाळ्याविषयी. यातलं काहीच मला तेव्हा कळलं नाही, म्हणून जसं दिसलं तसंच लिहिते. भाऊ रविवारी उशिरा येऊ लागले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते मोबाइल कानाला लावून उभे असायचे, मी वरून वाकून पाहायची. बोलणं मात्र कधी ऐकू यायचं नाही. ते गोणपाटाऐवजी खुर्चीवर बसू लागले. मला वाटलं, आता घरचे झाले. वळकटीसारखं गोणपाट काखेत आणायचे आणि स्टँडशी टेकवून ठेवायचे. कधी कधी मीही त्यांच्याबरोबर लोकांकडे जायची; तशा एका घरी त्यांनी पंजे तपासायचं काम मला दिलं. “शिका जरा,” म्हणाले, आणि मला अभिमान वाटला. चिकूनं त्यांच्या अंगावर उडी मारणं बंद केलं. तो सावकाश यायचा, त्यांच्या कमरेपाशी वास घेत राहायचा आणि तिथेच बसायचा. वय झालं, शहाणा झाला, असं मी म्हणाले. लोकांवर ते खेकसू लागले. एका जोडप्याला सरळ म्हणाले, “तुमच्यानं होनार नाय. देऊन टाका कुत्रा.” हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते.

वहीचं पुस्तक करावं, ही कल्पना माझी. जानेवारीतल्या एका रविवारी मी पहिलं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. ओंकार सुटीला आला होता, तोही बसला होता. मी वाचलं, “श्वानाच्या वर्तनात अचानक बदल झाल्यास त्यामागे शारीरिक वेदना असण्याची शक्यता प्रथम पडताळून पाहावी.”

“हे कोन बोललं?” भाऊंनी मध्येच विचारलं.

“तुम्हीच.”

“मी असं कदी बोललो? मी बोललो, आधी कान बघा.”

“अर्थ तोच आहे, भाऊ.”

“तोच नाय!” त्यांचा आवाज एवढा चढला की चिकू उठून उभा राहिला. “इतकी वर्सं तुमच्या दारात बसलो बाई, आनि तुमी माजं तोंड धुवून पुसून ठेवलं. तुमाला कुत्रं नाय समजलं. तुमाला निसतं पुस्तक समजतं.” खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ते उठले, क्षणभर तसेच वाकून उभे राहिले, आणि निघून गेले. गोणपाट तिथेच राहिलं. दार लागल्यावर ओंकार म्हणाला, “आई, काका असे नाहीत ना?” मी कागद गोळा करत होते. म्हणाले, “म्हातारपणी होतात माणसं अशी.”

गोणपाटाची घडी मी माळ्यावर टाकली. न्यायला येतील तेव्हा देऊ, असं ठरवलं. ते आले नाहीत, मीही फोन केला नाही. मध्ये दोनदा बेलपाड्यावरून रिक्षा गेली. एकदा तर मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला सरकून बसले.

फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. चांगुणावहिनींनी मला आत, त्यांच्या पलंगाशेजारी बसवलं. दिवाळीपासून पाठ दुखत होती. गावातल्या कुणाकडून तेल लावून घेत, मालीश करून घेत. तपासणी केली तेव्हा मार्च उजाडला होता, आणि तोवर कॅन्सर हाडांत पसरला होता. कुणाला सांगायचं नाही, असं बजावून ठेवलेलं. “शेवटी शेवटी घरात सगळ्यांना चावत व्हते बगा,” वहिनी म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाशी नेला. “मी तरी कुटं वळखलं? मना वाटलं, घरात बसून डोसकं फिरलंय. मी बी भांडले.” मग जराशानं म्हणाल्या, “एकदा बोलले, बाईंवर उगा वरडलो. मी बोलले, मंग फोन करा की. तर बोलले, वही तिच्याकडं हाय, येईल ती.”

वहिनींनी सरबत दिलं, ते मी प्यायले. खिडकीतून समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्या दिसत होत्या. कुठल्यातरी मजल्यावर एक कुत्रं एकसारखं भुंकत होतं. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.

घरी आल्यावर माळ्यावरून गोणपाट काढलं आणि चपलांच्या स्टँडला लागून पसरलं. चिकूचं तोंड आता पांढरं झालंय, त्याला नीट दिसतही नाही. त्यानं गोणपाटाच्या चारही कोपऱ्यांचा वास घेतला, बराच वेळ, आणि मग त्यावर न बसता त्याच्या कडेला, फरशीवर बसला. अजूनही तो तिथेच बसतो.

त्या सुधारलेल्या प्रकरणाचे कागद मी रद्दीत दिले. वही मात्र रोज काढते. तिच्यात एक नवं पान आखलंय. पहिल्या रकान्यात, ‘कुत्रा’च्या खाली, त्यांचं नाव लिहिलं. ते स्वतः खांदे हलवून हसले असते. घर, बेलपाडा. काय केलं, तर बाईंवर वरडले. ‘त्याआधी’चा रकाना मात्र एका बैठकीत भरला नाही. जिन्यात उभं राहणं. कानाला मोबाइल. खुर्ची. पंजे मला तपासायला लावले ते. चिकूची न मारलेली उडी. उठताना खुर्चीच्या हातांवर दिलेला जोर... परवा भाजी चिरताना आणखी एक आठवलं, डिसेंबरात त्यांनी चहाचा कप खाली ठेवायला माझ्याकडे दिला होता. एवढंसं वाकायला नको म्हणून. तेही लिहिलं. रकाना रुंद आहे, अजून जागा आहे.

शेवटचा रकाना बरेच दिवस कोरा ठेवला होता. काल संध्याकाळी गोणपाटावर बसून तोही भरला. ‘मग काय केलं’च्या खाली लिहिलं, फोन केला नाही. या वेळी अक्षर बारीक काढलं नाही.